डोंगराकडं जायचं न्हाई

सांगली,
११ डिसेंबर १९७३

आदरणीय जगदाळे सर,
सा. न. वि. वि.

ग्लायडरचा परवाना काल टपालानं हाती आला. वडिलांनी तो हळदीच्या वखारीत सगळ्यांना दाखवला आणि आईनं देवापुढे ठेवला. आईचा एकच प्रश्न आहे : उडताना पंखाला आपटून किती चिलटं मरतात? आमच्या जैन घरात हा प्रश्न गमतीचा नाही. मी म्हणाले, एस.टी.च्या काचेवर मरतात त्यापेक्षा कमी. तेव्हा कुठे तिनं पेढा खाल्ला.

दीड वर्ष दर शनिवारी सांगलीहून साताऱ्याला आत्याकडे मुक्काम आणि रविवारी सकाळी ग्लायडिंग केंद्राच्या माळावर, असं केलं. बिनइंजिनाचं विमान उडवायला तुम्ही मला शिकवलंत. तुमचे उपकार आहेतच. पण मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. पास झालेल्याला नेमकं काय येतं, हे विचारायची मला खोड आहे. म्हणून काल स्वतःलाच विचारलं. जमिनीवरच्या विंचनं दोर ओढला की वर जाणं येतं. दोर तुटला तर नाक खाली दाबणं येतं. माळावर परत येऊन उतरणं येतं. हे अठ्ठेचाळीस उड्डाणांत शिकले. पण हवा कुठे वर चढते, कुठे खाली येते आणि का, यासाठी लिंबाखाली तुम्ही घेतलेले अकरा तास आणि सोळा पानांची सायक्लोस्टाइल पुस्तिका! त्यातलंही नववं पान कोरं. सांगलीत स्कूटरच्या परवान्यालासुद्धा आठचा आकडा काढून दाखवावा लागतो.

रागावू नका, पण एवढ्या ज्ञानावर माणसाला एकट्यानं आकाशात सोडणं बरोबर आहे का? नवी पुस्तिका मी लिहीन म्हणते. पहिला प्रश्न तुम्हालाच. तुम्ही ऊठसूट सांगायचात, ‘डोंगराकडं जायचं न्हाई.’ का जायचं नाही?

तुमची विद्यार्थिनी,
गुणमाला चौगुले


सातारा,
२० डिसेंबर १९७३

कु. गुणमालाबाईंना केरबा जगदाळेचा नमस्कार.

पत्र पावलं. लिंबाखाली बसून दोनदा वाचलं. नववं पान कोरं हाय ते खरं. स्टेन्सिल फाटली व्हती. त्या पानावर काय व्हतं ते आता आठवत न्हाई. अकरा वर्सांत कुणी इचारलं न्हाई, तुमीच पयल्या.

मी बोलतो तसंच लिवतो, शुद्धलेखनाचे गुण कापू नका. तुमी म्हंता एवढ्यावर सोडणं बरोबर हाय का. बाई, इहिरीत पवायला शिकवतात तवा पाठीला पत्र्याचा डबा बांधतात. परवाना म्हंजे तो डबा. पवणं न्हवं. डबा बांधला की पोरगं बुडत न्हाई, तवर ते हातपाय मारून स्वतःच शिकतं. आमी हवाई दलात असंच शिकलो. लोकं मला सार्जंट म्हनून सलाम ठोकायची, पर हवेनं मला कवा सलाम केला न्हाई.

पुस्तक जरूर लिवा. इंग्रजी कमी घाला. आन डोंगराचं म्हणाल तर जायचं न्हाई म्हंजे जायचं न्हाई. विस्तवात हात घालू नको असं आईनं सांगितलं तवा तुमी ‘का’ म्हणून इचारलं व्हतं का?

केरबा जगदाळे


सांगली,
३ जानेवारी १९७४

आदरणीय सर,

विचारलं होतं. आई अजून लोकांना सांगते.

डब्याचं तुमचं म्हणणं पटलं, फक्त विहिरीला काठ असतो आणि काठावर मामा उभा असतो. हजार फुटांवर कोण उभं असतं?

कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाड पुस्तक सापडलं. त्यावरून तुमच्या नियमाचा उलगडा झाला. डोंगर आपल्या माळाच्या पश्चिमेला. वारा ज्या अंगाला आदळतो त्या अंगानं हवा वर चढते, आणि ग्लायडर त्या हवेबरोबर उचललं जातं. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, म्हणजे आडोशाला, तीच हवा धबधब्यासारखी खाली कोसळते. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, तेव्हा आपला माळ कोसळत्या अंगाला. तुमचा नियम तेव्हाचा असणार. पण पावसाळ्यात आपण उडतच नाही! थंडीत वारा पूर्वेचा, म्हणजे आपल्याच बाजूनं डोंगरावर चढणारा. सर, जिथं फुकटची उंची मिळते, नेमकं तिथूनच तुम्ही अकरा वर्षं विद्यार्थ्यांना लांब ठेवलंत. चूक माझी असेल तर दाखवा. ‘म्हंजे न्हाई’ हे उत्तर माझ्या विद्यार्थ्यानं लिहिलं तर मी शून्य देते.

गुणमाला


(पोस्टकार्ड)
सातारा, ८ जानेवारी १९७४

बाई, वारा कुटलाबी असो, डोंगराकडं जायचं न्हाई. शून्य दिलं तरी चालंल.
केरबा


सांगली,
२२ फेब्रुवारी १९७४

आदरणीय सर,

अक्षर वाकडं आलंय, समजून घ्या, पेन नवं आहे.

गेल्या रविवारी माळावर थोडा घोळ झाला तो तुमच्या कानावर आला असेल. तुम्ही नेमके पुतणीच्या लग्नाला कोरेगावला गेला होतात. वारा पूर्वेचा होता. मी डोंगराच्या अंगानं गेले. सर, वीस मिनिटं नुसता स्वर्ग होता! कुणी तळहातावर घेऊन वर उचलावं तशी मी तेवीसशे फुटांवर गेले. दोन घारी माझ्याबरोबर फिरत होत्या आणि त्यांना माझं काही विशेष वाटत नव्हतं.

साडेतीनच्या सुमारास हवा एकदम मेली. मग डोंगरावरूनच वारा अंगावर आला, पश्चिमेचा. त्यानंतरचं मोजून सांगता येत नाही. नाक दाबलं, वेग घेतला, तुम्ही शिकवलंत ते सगळं केलं, तरी जमीनच वर येत राहिली. माळ गाठता आला नाही. पायथ्याच्या हरणाबाई म्हणून एका बाईंच्या उसात उतरले.

हरणाबाई धावत आल्या. मला बाहेर ओढलं, पाणी पाजलं आणि म्हणाल्या, “आवं बाई, तुमचं इंजिन कुटं पडलं? हुडकायला मानसं लावू का?” मी म्हणाले, याला इंजिन नसतंच. त्यांना वाटलं, डोक्याला मार लागून बरळतेय. चार माणसं संध्याकाळपर्यंत उसात इंजिन शोधत होती.

डावा पंख जरा दुखावलाय. मलाही थोडं खरचटलंय. काळजीचं कारण नाही.

गुणमाला


सातारा,
१ मार्च १९७४

गुणमालाबाई,

हरणाबाईच्या उसात मी जाऊन आलो. पंख दुखावला न्हाई, दोन तुकडे झाल्यात. आन खरचटलं म्हंता तर तुमच्या आत्या म्हणाल्या, खांद्याजवळचं हाड मोडलंय, उजवा हात गळ्यात बांधलाय. पेन नवं न्हाई, हात डावा हाय. खोटं बोलायचं तर आत्याला आधी सांगून ठेवायचं असतं.

आता नीट ऐका. चौकशीला तीन मानसांची समिती नेमलीया. त्यांचा एकच सवाल हाय : ह्या बाईला डोंगराचा धोका शिकवला व्हता का न्हवता? शिकवला व्हता असं ठरलं तर तुमी ऐकलं न्हाई, तुमचा परवाना जातो. न्हवता शिकवला असं ठरलं तर माझी शिक्षकी जाती.

मी लिवून दिलं : शिकवला न्हाई. तुमच्याकडं कागद आला की तुमीबी तसंच लिवा. मला पेन्शन हाय, घरी दोन म्हशी हाईत. तुमचं उडायचं वय हाय. ह्यात का म्हणून इचारू नका.

हाड जुळंपर्यंत जड काय उचलू नका.

केरबा


सांगली,
९ मार्च १९७४

आदरणीय सर,

तुमचं पत्र आलं त्याच्या तीन दिवस आधीच माझं उत्तर समितीकडे गेलं. मी लिहिलंय : सरांनी शिकवलं होतं, तोंडी शंभरदा आणि लेखी दोनदा. पुरावा म्हणून तुमचं पोस्टकार्ड जोडलंय.

आता तुम्हाला आणखी एक सांगायला हवं. समितीला सांगितलं, तुमच्यापासून कशाला लपवू? त्या दिवशी विंचवरच्या आप्पासोंनी मला अडवलं होतं. “डोंगराकडं निघाला का? सरांनी न्हाई म्हटलंय.” मी म्हणाले, “सरांना पत्रानं विचारलंय.” ते खरं होतं. तुमचं उत्तर काय आलं ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पडत होते तेव्हा वाऱ्यापेक्षा मला याचीच भीती वाटत होती, की मी मेले तर बिचारे आप्पासो जन्मभर म्हणत राहतील, ‘सरांनी परवानगी दिली होती.’

तेव्हा दोष कुणाचा ते मला ठाऊक आहे. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. ‘जाऊ नको’ एवढं शिकवणं म्हणजे शिकवणं का? कारण ठाऊक असतं तर मी गेले नसते. निदान साडेतीनला तरी परतले असते.

प्लास्टरमध्ये पडल्यापडल्या नवी पुस्तिका डाव्या हातानं टाइप करतेय. शंभर पानं होतील. तिचा कच्चा खर्डाही समितीला पाठवलाय.

गुणमाला


सातारा,
२८ जून १९७४

गुणमालाबाईंना नमस्कार.

निकाल लागला. समितीपुढं दोन कबुल्या, दोन्ही उलट्या. मास्तर म्हंतो मी शिकवलं न्हाई, शिष्या म्हंते मला सगळं शिकवलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, तीस वर्सांच्या नोकरीत गुन्हा नाकारणारी लय बघितली, त्याच्यासाठी भांडणारी पयल्यांदाच बघतोय.

तर असं ठरलं. एक वर्स तुमचा परवाना बंद. तुमचं पुस्तक समितीला लय आवडलं. कुणी वाचलं का ते म्हाईत न्हाई, पर वजन करून बघितल्यासारखं तिघांनीबी हातात घेतलं. आता हितनं फुडं सगळ्यांनी त्याच्यावरच शिकायचं. आन शिक्षकांनी त्याच्यावर लेखी परीक्षा द्यायची. पास व्हईपर्यंत शिकवायचं न्हाई. शिक्षक मी एकटाच हाय. शिवाय परवाना बंद असंपर्यंत तुमी रविवारी येऊन थिअरी शिकवायची आन माझा पेपरबी तुमीच तपासायचा.

म्हंजे पडलेल्या मानसानं शिकवायचं, आन कवा न पडलेल्यानं परीक्षा द्यायची. पावसाळा हाय, उडणं तसंबी बंदच हाय. शंभर पानं वाचाय घेतली. इंग्रजी कमी घाला म्हणलं व्हतं.

केरबा


सांगली,
१७ सप्टेंबर १९७४

आदरणीय सर,

तुमचा पेपर तपासला. कसं लिहू कळत नाही, तेव्हा सरळ लिहिते. शंभरपैकी एकतीस. पास व्हायला चाळीस लागतात.

चौथा प्रश्न होता : दुपारी कपाशीच्या बोंडासारखे ढग दिसू लागले तर त्यावरून काय समजाल? तुम्ही लिहिलंत, ‘उडावं.’ उत्तर बरोबर आहे, पण प्रश्न आठ गुणांचा होता. अकराव्या प्रश्नात माझी आकृती उलटी छापली गेली होती. तुम्ही बाजूला लिहिलंत, ‘असं उडवलं तर मानूस मरंल.’ त्याचे पूर्ण गुण दिलेत.

माझी खरी अडचण सातव्याची आहे. ‘डोंगराच्या आडोशाला हवा खाली का येते? कारणे लिहा. गुण दहा.’ तुमचं उत्तर असं आहे :

‘कारण म्हाईत न्हाई. भाऊसो घाटगे. वय एकोणीस. १८ फेब्रुवारी १९६२.’

याला मी अजून गुण दिले नाहीत. भाऊसो घाटगे कोण?

गुणमाला


सातारा,
१ ऑक्टोबर १९७४

गुणमालाबाई,

इचारलंत तर सांगतो. बारा वर्सं कुणाला सांगितलं न्हाई, घरातबी न्हाई.

भाऊसो वडूजकडचा. दोन भाऊ पलटणीत, ह्यो धाकटा. हात असा हलका की ग्लायडरला कळायचं न्हाई कुणी धरलंय. तवा केंद्र नवं व्हतं, पुस्तिका मीच लिवली व्हती, एका इंग्रजी पुस्तकावरनं. नवव्या पानावर डोंगर व्हता. तुमी मला पत्रात लिवलं तेच शब्द : वारा आदळतो त्या अंगाला उचल मिळती. भाऊसोला मीच समजावलं. मीच म्हणलं, जा, डोंगराच्या अंगानं एक फेरी मार.

पूर्वेचा वारा. घारीवाणी फिरत व्हता. मी खालनं बघत व्हतो, छाती फुगली व्हती. साडेतीनला माळावरचा वाऱ्याचा कापडी मोजा लोंबला. मग उलट्या अंगाला फुगला. मला दिसलं, बाई. त्याला दिसत न्हवतं. रेडिओ न्हवता, काय न्हवतं. मी टोपी काढून हलवत डोंगराकडं पळत सुटलो. दोन मैल. पोचलो तवा आप्पासो म्हणाले, सर, बघू नका.

त्याचे वडील आले. त्यांनी एकच इचारलं, “मास्तर, पोराला सगळं शिकवलं व्हतं न्हवं?” मी म्हणलं, “व्हय.” चौकशीत लिवलं, विद्यार्थ्याची चूक. मी खाली सही केली.

स्टेन्सिल फाटली न्हवती. मी फाडली. वारा का फिरला ते मला कवाच कळलं न्हाई. जे कळलं न्हाई ते शिकवायचं कसं? म्हणून नुसतं ‘जायचं न्हाई’ म्हणत ऱ्हायलो. तुमच्या टायमाला म्हणलं, दुसऱ्यांदा सही करायची न्हाई.

गुण द्यायचे तर द्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या.

केरबा


सांगली,
१० ऑक्टोबर १९७४

सर,

तुमचं पत्र वाचलं आणि माझी शंभर पानं पुन्हा काढली. थंडीत पूर्वेचा वारा डोंगराला उचल देतो, हे मी आकृतीसकट लिहिलंय. तो दुपारनंतर फिरू शकतो, हे वाक्य शंभर पानांत एकदाही नाही. मी स्वतः त्या वाऱ्यातून पडले आणि तरी लिहिलं नाही. मला वाटलं, माझं नशीब वाईट होतं. दोन तारखा शेजारी ठेवल्या तेव्हा दिसलं. तुमची १८ फेब्रुवारी, माझी १७ फेब्रुवारी. वेळही तीच, साडेतीन.

कारण आता सांगू शकते, बरंचसं. दुपारी देशावरची जमीन तापते आणि समुद्राकडची गार हवा घाट चढून उशिरा आपल्याकडे पोचते. ती आली की पूर्वेचा वारा मागे हटतो. हे मी जाड पुस्तकात नंतर शोधलं. तुमची तारीख मिळाली नसती तर शोधलंच नसतं.

सातव्या प्रश्नाला दहापैकी दहा दिलेत. एकूण एक्केचाळीस. समितीनं विचारलं तर तुमचं पत्र दाखवू का? नको म्हणालात तर दाखवणार नाही, पण गुण बदलणार नाही.

एक विनंती आहे. नव्या तुकडीत सहाजण आहेत. भाऊसोंबद्दल त्यांना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर तो नुसता धडा होईल.

गुणमाला


सातारा,
१९ नोव्हेंबर १९७४

गुणमालाबाईंना केरबा जगदाळेचा नमस्कार.

ताप उतरला का? ह्या रविवारी तुमी आला न्हाई ते एका परीनं बरं झालं. तुमच्यापुढं मला बोलता आलं नसतं.

सहाहीजणांना लिंबाखाली बसवलं. आधी तुमचं कारण सांगितलं, जमीन, समुद्र, घाट, सगळं. मग भाऊसोचं सांगितलं. वडलांनी काय इचारलं आन मी काय म्हणलो तेबी सांगितलं. आप्पासो विंच सोडून येऊन मागं उभे व्हते. त्यांनी पाणी दिलं.

तवा बिराप्पानं हात वर केला. तोच, जतकडचा, बँकेत कारकून हाय, तुमच्या चाचणीत ब्याण्णव गुण पडलेला. म्हणाला, “सर, हे बारा वर्सं तुमाला म्हाईत न्हवतं. मग अजून असं काय काय हाय, जे तुमालाबी म्हाईत न्हाई आन बाईंनाबी न्हाई?”

मी म्हणलं, “गड्या, ते म्हाईत असतं तर सांगितलं नसतं का?”

त्यानं वही मिटली. म्हणाला, “सर, मग मी न्हाई उडत.” भ्यालेला दिसत न्हवता. हिशोबाच्या मानसानं बेरीज करून बघावी तसं बोलला. बाकीची हसली. मला हसू आलं न्हाई. मी त्याला एस.टी.पर्यंत सोडाय गेलो. गाडी हलली तवा खिडकीतनं म्हणाला, “राग मानू नका. तुमी खरं सांगितलं म्हणून चाललो.”

बाकी पाचजण दुपारी उडाली. तीन वाजता मी सगळी खाली घेतली. कुरकुरली. साडेतीनला वारा होता तसाच ऱ्हायला, फिरलाच न्हाई. त्यातला एकजण मला ऐकू येईल असं बोलला, “उगंच घाबरवलं म्हाताऱ्यानं.” पुस्तकात हे कुठं बसवायचं ते तुमी बघा.

आता आजचं काम. समितीचा कारकून रजिस्टर घेऊन आलाय. नव्या नियमापरमानं प्रत्येकाच्या नावाफुडं लिवायचं हाय, सुरक्षित उडण्यापुरतं ज्ञान मिळालं का न्हाई. पाचजणांच्या फुडं त्यानं परस्पर ‘होय’ लिवलं. बिराप्पाच्या नावावर बोट ठेवून म्हणाला, “हा सोडून गेला, ह्याला ‘नाही’ लिहितो.” मी म्हणलं, थांबा, बाईंना इचारतो. रजिस्टर ठेवून घेतलंय. तो पाचजणांचं ‘होय’ खोडायला तयार न्हाई, आन मी बिराप्पाफुडं ‘नाही’ लिवू द्यायला तयार न्हाई.

काय लिवू ते उलट टपाली कळवा.

केरबा